इंटरफेरॉनचा पाय कुठे अडकला?

चोपड्याहून एका वाचकाने विचारलं आहे: मुलीच्या बारावीच्या वहीत ‘इंटरफेरॉन = विषाणुनाशक प्रथिन’ असं उतरवून दिलंय, ते बरोबर का? आणि मराठीत ‘तो इंटरफेरॉन’ म्हणायचं की ‘ते’?

‘विषाणुनाशक’ साफ चूक. हा शब्द मी व्याख्यानांतून इतक्यांदा ऐकलाय की आता कानाला टोचतो. काही जण तर ‘प्रतिजैविक’ म्हणून मोकळे होतात. प्रतिजैविकं जीवाणूंवर चालतात, विषाणूवर नाही. आणि इंटरफेरॉन तर विषाणूला शिवतसुद्धा नाही. विषाणू पेशीत शिरला, त्याचा आरएनए किंवा डीएनए भलत्या जागी दिसला, की पेशी इंटरफेरॉन तयार करून बाहेर सोडते. ते शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि ती पेशी विषाणू दारात यायच्या आधीच तयारीला लागते. तिच्यात शेकडो जनुकं जागी होतात. त्यांतून बनणारं एक विकर (एन्झाइम) आरएनएचे तुकडे पाडायला लावतं, दुसरं प्रथिनं बनवण्याचं कामच थांबवतं. मग विषाणू आत आला तरी त्याच्या प्रती निघत नाहीत. बहुतेक सगळ्या पेशींना हे जमतं, पण पांढऱ्या पेशींतली प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक ही जात अल्फा प्रकारचं इंटरफेरॉन ढिगाने करते. गॅमा इंटरफेरॉन टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी करतात. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, त्यात या इंटरफेरॉनचाही हात असतो.

आता शब्दाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

एका जाणत्या प्राध्यापकांनी व्याख्यानात इंटरफेरॉनला ‘मध्यवाहक’ म्हणावं असं सुचवलं. त्यांचं म्हणणं, यातला ‘फेर’ म्हणजे लॅटिनमधलं ‘फेरे’, वाहून नेणे. ट्रान्सफरमध्ये आहे तोच. ट्रान्सफरपुरतं ते खरं आहे. तो धातू आपल्या संस्कृत ‘भृ’चा सख्खा भाऊ, आपला ‘भार’ही त्याच घरातला. पण इंटरफेरॉन आलं ‘इंटरफिअर’वरून, म्हणजे आडवं येणे, ढवळाढवळ करणे यावरून, आणि इंटरफिअर त्या घरातला नाही! रेफर, ट्रान्सफर, डिफर, इन्फर यांची स्पेलिंगं लिहून पाहा, सगळी ‘आर’वर संपतात. इंटरफिअरच्या शेवटी मुका ‘ई’ आहे. तो लॅटिन ‘फेरिरे’तून, म्हणजे ‘मारणे’तून, जुन्या फ्रेंचमार्गे आला. अर्थ, एकमेकांना मारणे. ‘इंटरफरन्स’ हे रूप ‘डिफरन्स’च्या वळणावर नंतर घडवलं गेलं आणि त्या सारखेपणाला प्राध्यापक फसले. कोश उघडायला दोन मिनिटं लागतात.

इंग्रजीत हा शब्द सुरुवातीला घोड्यांच्या संदर्भात वापरला जाई. चालताना घोड्याचा एक खूर दुसऱ्या पायाला लागतो, त्याला इंटरफिअर म्हणत. ढवळाढवळीचा अर्थ मागाहून आला. हे मला सारंगखेड्याला नीट कळलं. दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथे एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने घोडा मागून चालवून पाहिला, मग खाली वाकून मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, खुराच्या वर, बोट ठेवलं. तिथले केस उडाले होते, कातडी सालपटली होती. “हाऊ पायले पाय मारस,” एवढं बोलून तो पुढच्या घोड्याकडे गेला. इंटरफिअरचा याहून चांगला अर्थ मी कुठल्या कोशात वाचलेला नाही.

विज्ञानातही तेच चित्र होतं. एका विषाणूची लागण झालेल्या प्राण्यात दुसरा विषाणू जोर धरत नाही, हे १९३० च्या दशकातच दिसलं होतं. एकाच अंगातले दोन विषाणू, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायाला! त्या प्रकाराला इंटरफरन्स म्हणत. १९५७ मध्ये लंडनजवळच्या मिल हिलला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या गर्भाच्या आवरणावर मेलेला फ्लूचा विषाणू घातला. तेव्हा दुसऱ्या विषाणूला आडवं येणारं एक द्रव्य असतं आणि ते विषाणू करत नाही, पेशीच करते, हे कळलं. त्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं, शेपूट इलेक्ट्रॉन-न्यूट्रॉनसारखं. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनाही असंच द्रव्य १९५४ मध्ये दिसलं होतं, पण नाव चाललं ते आयझॅक्स-लिंडेनमान यांनी दिलेलं.

मराठी शब्द हवाच असेल तर माझा आग्रह ‘लोढणं’चा आहे. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात. ते पळायला लागलं की ओंडका पुढच्या पायांवर आपटतो. जनावर मरत नाही, पण कुणाच्या वावरात शिरून पीकही खात नाही. पायाला मार आहे, अटकाव आहे, ठार करणं नाही. ‘फेरिरे’चा अर्थ यात जसाच्या तसा उतरतो, आणि ‘मध्यवाहक’मध्ये त्यातला कणही नाही. शब्द गावंढळ वाटेल असा आक्षेप येईलच. इंग्रजांना घोड्याचा सालपटलेला पाय चालला, तर आपल्याला गुराचा का चालू नये?

राहिलं लिंग. प्रथिन नपुंसकलिंगी, म्हणून ‘ते इंटरफेरॉन’. वहीत ‘विषाणुनाशक’ खोडून ‘विषाणूची वाढ रोखायला शेजारच्या पेशींना तयार करणारं प्रथिन’ लिहायला सांगा. लांब आहे, पण परीक्षेत ‘लोढणं’ला गुण मिळणार नाहीत.