सायकल सवाल-जवाब : लेडीज रोड बाइक वेगळी लागते का?

प्रश्न : ताई, माझी उंची 5 फूट 1 इंच, कोथरूडला राहते. आत्तापर्यंत हायब्रिड चालवली, आता रोड बाइक (खाली वळलेल्या हँडलची, वेगाची सायकल) घ्यायचीय. दुकानदार म्हणतो लेडीज मॉडेलच घ्या, आमच्या ग्रुपमधले दादालोक म्हणतात तो सगळा मार्केटिंगचा खेळ. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही अर्धं अर्धं ऐक. मोठ्या कंपन्यांचंच यावर एकमत नाही, तर तुझ्या ग्रुपचं कुठून होणार!

हे सगळं सुरू झालं खरं तर एका खऱ्या अडचणीतून. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईंनी 1985 मध्ये स्वतःची कंपनी काढली, कारण लहान चणीच्या बायकांना बाजारातल्या फ्रेम लांब पडायच्या. त्यांनी पुढचं चाक चक्क 24 इंची लावलं आणि मागचं नेहमीचं ठेवलं, दिसायला जरा विचित्र पण हँडल जवळ आलं आणि वळताना बूट पुढच्या चाकाला घासायचा थांबला. मग मोठ्या कंपन्या उतरल्या, ट्रेकने डब्ल्यूएसडी (विमेन्स स्पेसिफिक डिझाइन) नावाने वेगळी रेंज काढली, स्पेशलाइज्डने रुबी, अमिरा, डोल्चे आणल्या, आणि खरं सांगायचं तर त्या काळात बऱ्याच ठिकाणी गुलाबी रंग मारला, दोन फुलं काढली, पार्ट जरा हलके लावले की झाली लेडीज सायकल, असाही प्रकार चालायचा. त्यामुळे तुझे दादालोक अगदीच चुकीचे नाहीत.

पुढे 2019 मध्ये स्पेशलाइज्डने सरळ जाहीर केलं की आता बायकांची वेगळी फ्रेम नाही. त्यांच्याकडे फिटिंगचा, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगाच्या मापांचा, भरपूर डेटा जमला होता आणि त्यात दिसलं की सरासरी बाई आणि सरासरी पुरुष यांच्यात जेवढा फरक आहे त्यापेक्षा जास्त फरक दोन बायकांमध्येच असतो. ट्रेकनेही वेगळ्या फ्रेम बंद केल्या. 2023 ची टूर द फ्रान्स फाम, म्हणजे बायकांची टूर द फ्रान्स, जिंकणारी डेमी वॉलरिंग स्पेशलाइज्डची पुरुषांच्या टीमवाली टार्मॅकच चालवत होती. पण जायंट कंपनीचं मत उलटं. तिथल्या बॉनी टू यांनी 2008 मध्ये लिव हा खास बायकांचा ब्रँड उभा केला आणि लिवची अव्हेल, लान्गमा ही मॉडेलं आजही बायकांच्या मापांवरून वेगळी काढतात.

मग तू काय करायचं? स्टिकरवर काय लिहिलंय ते सोड, साइझ बघ. 5 फूट 1 म्हणजे तुला एक्सएस किंवा त्याच्याही खालची लागेल आणि खरी मारामारी तिथेच आहे, कारण बऱ्याच दुकानांत एस असते आणि मग ‘सीट खाली करून देतो की मॅडम’ सुरू होतं. सीट खाली केली म्हणून हँडल जवळ येत नाही हो! लिव घेण्याचा एक सरळ फायदा म्हणजे छोट्या साइझचा विचार त्यांनी आधीच केलेला असतो. बाकी कुठलीही घेतलीस तरी बसून बघ, पेडल पुढे आडवं ठेव, हँडल वळव आणि बुटाचं टोक चाकाला लागतंय का ते बघ. थोडं लागलं तर चालतं, सवयीने जमतं, पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये हळू वळताना वैताग येतो.

आणि पैसे कुठे घालायचे ते ऐक. 36 किंवा 38 सेंटिमीटर रुंद हँडल, आखूड स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा दांडा), 165 मिलिमीटरचे क्रँक (पेडल ज्यावर असतं ते दांडे). ब्रेक लिव्हरचं तर विचारूच नको, बोटं पोचत नसतील तर सिंहगड उतरताना मनगटं जातात. बऱ्याच लिव्हरवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर जवळ आणता येते, फक्त नंतर मेकॅनिककडून ब्रेक परत सेट करून घे. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक घेणार असशील तर शिमानो कंपनीच्या 105 या पार्ट्सच्या सेटमध्ये आर7025 नावाची लिव्हर खास छोट्या हातांसाठी आलेली, सेकंडहँड बघत असशील तर हा नंबर लक्षात ठेव.

प्रश्न : सीट प्रचंड टोचते. जेलचं कव्हर घालून पण फरक नाही, उलट बधिर होतं. नाशिकला पहिली 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) करायचीय, होईल का?

उत्तर : कव्हर आधी काढून टाका. मऊ सीटमध्ये बसायची दोन हाडं रुततात आणि सगळा भार मधल्या नाजूक भागावर येतो, म्हणून बधिर होतं. सीट मऊ नाही, योग्य रुंदीची लागते. घरीच मोजा : कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, थोडं पुढे वाका, पाय जरा उचला आणि मिनिटभराने उठा. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि त्यात साधारण 20 ते 25 मिलिमीटर मिळवा, त्या आसपासची सीट बघायची. बायकांची ही हाडं सहसा एकमेकांपासून थोडी लांब असतात म्हणून 155 मिलिमीटर वगैरे लागते, पण एखादीला 143 पण बसते, मापच खरं. मधे कट असलेली सीट बघा. स्पेशलाइज्डची मिमिक सीट बायकांसाठी म्हणूनच काढलेली आहे, महाग आहे पण फ्रेमवर उडवण्यापेक्षा इथे उडवा.

आणि पॅडच्या शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालायची नाही. हो, खरंच नाही. शिवणी घासतात, बऱ्याच जखमा त्यानेच होतात. बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्टे असलेल्या) छान असतात पण हायवेवर बायकांना जायची सोय कुठेय, आणि प्रत्येक वेळी जर्सी उतरवायची म्हणजे शिक्षाच. त्यासाठी मागून क्लिप निघणाऱ्या किंवा ताणून खाली होणाऱ्या लेडीज बिब येतात, नाहीतर सरळ कमरेची शॉर्ट्स घ्या. 200 साठी साडेतेरा तास मिळतात. माप बरोबर असेल तर होईल की, न व्हायला काय झालं.

प्रश्न : बायकोला वाढदिवसाला रोड बाइक सरप्राइज द्यायचीय, कुठली घेऊ?

उत्तर : दादा, सरप्राइज नको. दुकानात घेऊन जा, तिला बसू द्या आणि बिल तुम्ही भरा. रंगाबद्दल तर अजिबात बोलू नका. अगदीच पाकीट हातात द्यायचं असेल तर चांगले लाइट्स द्या, त्याला साइझ नसते.