एआयच्या नावाखाली डिझाइन सॉफ्टवेअरचं भाडं वाढलं, आता दुकान कसं चालवायचं?

लक्ष्मीपुरीत दोघांचं फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान, आणि वाढीव पैसे भरायचे की सोडायचं, असा तुमचा प्रश्न आहे. लगेच सोडू नका भावा, पण मुकाट्याने भरूही नका.

ही वाढ तुमच्यापुरती नाही. कॅनव्हाने 2024 मध्ये टीम प्लॅन असाच महाग केला. अडोबेने जून 2025 मध्ये उत्तर अमेरिकेत पूर्ण संच महिना 59.99 वरून 69.99 डॉलरवर नेला. पण तिथेच कमी एआयवाला स्वस्त प्लॅनही ठेवला. तो आपणहून कोणी पुढे करत नाही, म्हणून नूतनीकरणाआधी तुमच्या खात्यात असं काही दिसतंय का ते शोधा. गुळाच्या बॉक्सवरचं लेबल करायला एआय कशाला लागतंय?

खरी अडचण जुन्या फायलींची. भाडं चालू आहे तोवरच सगळं काम पीडीएफ आणि एसव्हीजी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणाऱ्या फायलींत काढून ठेवा, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, मग फॉन्ट लागत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे कचरा दिसतो. ऐन लग्नसराईत माझी त्यात एक रात्र गेली.

पर्याय म्हणून अ‍ॅफिनिटी ऑक्टोबर 2025 पासून फुकट आहे, फक्त एआयला पैसे. इंकस्केपही फुकट, छपाईच्या सीएमवायके (चार शाईंच्या रंगांतल्या) पीडीएफसाठी स्क्रायबस. कुठलंही घ्या, आधी ‘ज्योतिर्लिंग’ टाईप करून बघा. जोडाक्षर तुटलं तर पुढचं बघायचं कारणच नाही.