पक्कं लायसन आलं, आता विमा

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. आरटीओची टेस्ट पहिल्याच खेपेला पास झालीस, पक्कं लायसन घरी आलं आणि सहा वर्षं जुनी वॅगन-आर तू बघून ठेवलीयस, हे ऐकून फार आनंद झाला. पुढे ती म्हणाली, "सगळ्यात स्वस्त इन्शुरन्स कोणता, एवढंच विचारतेय ती." तीस वर्षं विमा कंपनीच्या मोटर विभागात मी क्लेमच्या फायली हाताळल्या. त्यामुळे याचं उत्तर मला फोनवर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून हे पत्र.

नवीन ड्रायव्हर म्हणून आपल्याला जास्त पैसे पडतील, अशी तुला धास्ती आहे म्हणे. इंग्लंडात तसं होतं, तिथे चालवणाऱ्याचं वय आणि अनुभव बघून हप्ता ठरतो. आपल्याकडे मुख्यतः गाडी बघतात: तिची किंमत, इंजिनाची सीसी, ती किती जुनी आहे आणि नोंदणी कुठली आहे. पुणं 'झोन ए'मध्ये येतं, आपली सांगली 'झोन बी'मध्ये. म्हणून त्याच गाडीचा विमा इथे किंचित स्वस्त पडतो.

थर्ड पार्टीत, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याच्या विम्यात, घासाघीस करू नकोस, तिथे काही सुटत नाही. तो विमा कायद्यानं सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेला दर १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, वर जीएसटी. वॅगन-आर दोन्ही इंजिनांत येते, तेव्हा आरसीवर ९९८ लिहिलंय की ११९७, ते गाडी ठरवण्याआधीच बघ. दरवर्षी तेराशे रुपयांचा फरक आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तिथे मात्र कंपन्या आपापले दर लावतात. चार ठिकाणी विचारायचं ते त्याच्यासाठी.

आता सेकंडहॅन्ड गाडीची गोष्ट, कारण लोक सगळ्यात जास्त फसलेले मी इथेच पाहिले. गाडी विकणारा सांगतो, "पॉलिसी अजून आठ महिने आहे, तुम्हाला काही करायचं नाही." घेणारा खूश होतो. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नावावर होते, पॉलिसी मात्र जुन्याच मालकाच्या नावावर राहते. असे एक शिक्षक माझ्यासमोर येऊन बसले होते. गाडी उलटली होती, आरसी त्यांची, पॉलिसी दुसऱ्याची. ज्याच्या नावावर पॉलिसी त्याची गाडी राहिली नव्हती आणि ज्याची गाडी त्याची पॉलिसी नव्हती. क्लेम नामंजूर झाला. ते पत्र माझ्याच टेबलावरून गेलं, आणि त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत कंपनीला कळव आणि पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घे. त्या वेळी जुन्या मालकाला मिळालेल्या नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलच्या सुटीचा, फरक तुला भरावा लागेल, कारण तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. ती रक्कम वाचवावी असं मनात आलं तरी वाचवू नकोस.

तुझा स्वतःचा बोनस शून्यापासून सुरू होईल. क्लेम न करता पहिलं वर्ष गेलं की ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की पुन्हा शून्य. नवीन हाताला पहिल्या वर्षी पार्किंगच्या खांबाला बंपर लागतोच, त्यात लाज वाटून घेऊ नकोस. फक्त क्लेम करण्याआधी गणित कर. समज, बंपर चार हजारांचा. प्लॅस्टिकच्या भागाचे निम्मे पैसे घसाऱ्यापोटी कापले जातात, उरले दोन हजार. त्यातून सक्तीचे एक हजार तुझ्या वाट्याचे. हातात आले हजार. हप्त्याचा तो भाग पाच हजारांचा असेल, तर पुढच्या वर्षीची २० टक्के सूट म्हणजेही हजारच, शिवाय शिडी पहिल्या पायरीवर येते ती वेगळीच. असा खर्च खिशातून कर. आणि किरकोळ खर्च खिशातूनच करायचा ठरलं, तर 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' अडीच किंवा पाच हजारांचं घे, म्हणजे दर क्लेमला तेवढे पैसे आपण सोसायचे, त्यानं हप्ता कमी होतो. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाहीस, तर साठवलेला बोनस जातो, हेही लक्षात ठेव.

गाडी फक्त शनिवार-रविवारी काढणार असशील, तर जितकी चालेल तितका हप्ता असा पर्याय २०२२ पासून उपलब्ध आहे. तोही विचार.

कोटेशन स्वस्त दिसलं की सगळ्यात आधी आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, बघ. गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली, तर कंपनी जास्तीत जास्त तेवढीच रक्कम देते. पाच वर्षांपुढच्या गाडीचा आकडा कंपनीनं आणि तू मिळून ठरवायचा असतो, आणि नेमका तिथेच तो गुपचूप खाली आणतात. बाजारात साडेतीन लाखांची गाडी कागदावर अडीच लाखांची केली की हप्ता थोडासाच उतरतो, पण वेळ आली तर लाखभर रुपये बुडतात. तुझ्यासाठी ते वर्षभराची बचत असतील.

'इंजिन प्रोटेक्ट' हे इंजिनाचं जादा कव्हर मात्र घेच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पुराचं पाणी ओसरल्यावर गॅरेजच्या दारांत चिखलानं भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं काम सरळ होतं. अडचण आली ती, पाण्यातच पुन्हा पुन्हा सेल मारलेल्यांची. इंजिनात पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकलेले, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बसत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यात आंबील ओढ्याच्या पुरानं काय केलं ते तू ऐकलं असशील. पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नकोस, ढकलून बाहेर काढ. झिरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापणारं कव्हर, सहा वर्षांच्या गाडीला सगळ्याच कंपन्या देत नाहीत. मिळालं तर भाव बघून ठरव, नाही मिळालं तर हळहळू नकोस.

गाडी हातात येईपर्यंत बाबांची चालव. मालकाच्या परवानगीनं लायसन असलेला कोणीही चालवत असेल, तर गाडीचा आणि थर्ड पार्टीचा विमा लागू होतो. पण त्या पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त मालकाचा, म्हणजे बाबांचा. तुझा स्वतःचा किमान तेवढ्याच रकमेचा अपघात विमा वेगळा काढ, तोही याच महिन्यात. नव्या गाडीच्या पॉलिसीच्या वेळी तो दाखवलास, तर दुसरा घ्यावा लागणार नाही.

आरसीची दोन्ही बाजूंची आणि जुन्या पॉलिसीची सगळी पानं मला व्हॉट्सॲपवर पाठव. पैसे भरायच्या आधी पाठव, मी रविवारी सकाळी बसून वाचतो.

तुझा,
काका