सिनेमा ओटीटीवर मिळत असताना बोनस फीचर्ससाठी डिस्क विकत घ्यावी का?

घ्यावी, पण कव्हरच्या पाठीमागची बोनस फीचर्सची, म्हणजे सिनेमासोबत मिळणाऱ्या जादा गोष्टींची, यादी वाचून. नुसते ट्रेलर आणि फोटो गॅलरी असेल तर पैसे वाचवा.

खरी कमाई आहे ती कॉमेंटरीची. ही कल्पना १९८४ मध्ये 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) आली: सिनेमा चालू असताना दुसऱ्या ऑडिओ ट्रॅकवर अभ्यासक रोनाल्ड हेव्हर बोलत होते. आम्ही पुण्यातली पोरं, एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेच्या गेटबाहेरूनच जाणारी. सिनेमा कसा बनतो हे आम्हाला शिकवलं रिमोटवरच्या 'ऑडिओ' बटणानं. तोच प्रसंग, पण आता कॅमेरामन सांगतोय की खिडकीतलं ऊन हे ऊन नव्हतंच, बाहेर दिवा लावला होता. मग मागे नेऊन परत बघायचं, आणि सावली खरंच जरा जास्तच सरळ दिसते!

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागाची विस्तारित डीव्हीडी (२००२) चार डिस्कची होती. त्यातल्या दोन फक्त निर्मितीवर. सैनिकांची चिलखतं प्लास्टिकच्या पाइपच्या कड्या हातानं जोडून केलेली त्यात दिसतात. हे बघितल्यावर लढाईचा प्रसंग पुन्हा लावला, तर नजर तलवारीवर नाही, चिलखतावरच जाते.

ओटीटीवर हे क्वचितच मिळतं, आणि सिनेमा तिथून कधी निघून जाईल याचा भरवसा नाही. जुन्या बाजारात सेट दिसला तर आधी आतल्या डिस्क मोजा. बोनसचीच हमखास गायब असते.