वाचकांचे प्रश्न : लिहिणारा मी, पाप कुणाचं?

प्रश्न : नमस्कार सर, मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीचा सीझन सुरू झाला की वजनाची नोंद आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचं बिल, माझ्याच हातची असते. काट्यावर पोतं ५२ किलो ४०० ग्रॅम भरलं तरी मालक म्हणतात ५२ लिहा, वरचं सोडा. माणूस वाईट नाही ओ, माझ्या मुलीच्या कॉलेजची फी त्यांनीच भरली. मी रोज गीता वाचतो, त्यात भगवंतच म्हणतात 'निमित्तमात्रं भव', मग मी नुसता लिहिणारा, पाप मालकाचं की माझं? – एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, तुम्ही हे विचारलंत यातच तुमचं मन तुम्हाला काय सांगतंय ते कळतंय. स्पष्ट सांगतो, मालकाचं आहेच पण तुमचंही आहे.

'निमित्तमात्रं भव' हे अकराव्या अध्यायात अर्जुनाला सांगितलंय, आणि कशासाठी तर समोर आलेलं कर्तव्य टाळू नकोस म्हणून. दुसऱ्याच्या मालातलं काढून घ्यायला त्या श्लोकाचा आधार घेणं बरोबर नाही, आपल्याकडं हे फार चालतं आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

त्यापेक्षा द्रोणपर्वातला युधिष्ठिर बघा. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, द्रोणांना खरं काय ते धर्मराजाच्याच तोंडून ऐकायचं होतं, आणि युधिष्ठिर 'अश्वत्थामा मेला' असं मोठ्यानं म्हणाला अन् हत्ती हा शब्द हळूच म्हणाला. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकला. आता बोल म्हणून सांगणारा कोण होता? साक्षात श्रीकृष्ण! तरीपण हिशोब युधिष्ठिराच्याच नावावर पडला, शेवटी स्वर्गारोहणपर्वात त्याला थोडा वेळ का होईना नरक बघावा लागला आणि इंद्रानं कारण सांगितलं की तू द्रोणांना कपटानं फसवलंस म्हणून. देवानं सांगितलेलं जिथं माफ झालं नाही तिथं मालकानं सांगितलेलं कसं माफ होईल? आणि तुमचा आकडासुद्धा तसलाच आहे बघा, ५२ मोठ्यानं आणि ४०० ग्रॅम हळूच. ४० पोत्यांना असं झालं की १६ किलो हळद गेली, ती त्या माणसानं काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेली असते.

फीचं म्हणाल तर तिथंच खरी गाठ आहे असं मला वाटतं. युद्धाआधी युधिष्ठिर पाया पडायला गेला तेव्हा भीष्मांनी कबूल केलं की माणूस पैशाचा दास असतो, मी कौरवांच्या पैशानं बांधला गेलोय. एवढा मोठा माणूस, पांडवांची बाजू न्यायाची आहे हे माहीत असून पलीकडं उभा राहिला. तुम्ही त्या जागी जाऊ नका.

मालकांशी बोला, पण सौदे चालू असताना हमाल-शेतकऱ्यांसमोर नको, संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर. सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, समोरच्याला न दुखवणारं, खरं आणि त्याच्या हिताचं बोलणं, ते तिन्ही तुम्हाला इथं लागणार आहे. म्हणा की काट्यावर दिसतंय तेच वजन लिहितो, कडता, म्हणजे वजनातली कपात, घ्यायचाच असेल तर शेतकऱ्याला सांगून पट्टीवर वेगळा दाखवू. तुकोबा स्वतः दुकानदारी केलेले, ते 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें' म्हणतात, म्हणजे धंदा करू नका असं त्यांनीही सांगितलं नाही, हे मालकांना जरूर सांगा.

आणि फीचे पैसे दरमहा पगारातून थोडे थोडे कापून घ्या म्हणून आधीच सांगून टाका. नाहीच ऐकलं तर यार्डातच दुसऱ्या दुकानात शब्द टाकून ठेवा, पण तोवरसुद्धा कमी वजन आपल्या हातानं लिहू नका.