बोरीच्या पानांवर पांढरी भुकटी

प्रश्न : दादा, घरामागं अ‍ॅपल बोरचं झाड आहे. दिवाळीपासनं कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी दिसतीय, आता वाटाण्याएवढी बोरंपण पांढरी पडून गळायला लागलीत. दुकानातनं निळं कॉपरचं औषध आणून मारलं, काय फरक नाही. सासूबाई म्हणतात ताक मार. काय करू? (एक वाचक, पाचगाव, कोल्हापूर)

उत्तर : ताई, ही भुरी, म्हणजे एक बुरशीच. खात्री करायची तर पानावर बोट फिरवा, पावडर बोटाला लागली आणि खाली पान साफ निघालं तर भुरीच, चिकट कापसासारखे पुंजके असले तर मात्र पिठ्या ढेकूण ही कीड, तिचं औषध वेगळं.

कॉपर हे करपा, केवडा असल्या रोगांना चालतं, भुरीवर त्याचा फारसा जोर नाही, त्यामुळं तुमचे पैसे गेले ते गेले. बाकीच्या बऱ्याच बुरशींना रुजायला ओलं पान लागतं, भुरीला लागत नाही, उलट पानावर पाणी साचलं तर हिची बीजं नीट रुजतच नाहीत. म्हणून आपल्याकडच्या धो धो पावसात ही फार दिसत नाही आणि पाऊस थांबून दिवसा ऊन, पहाटे गारठा आणि दमट हवा सुरू झाली की लगेच हजर.

ही बुरशी पानाच्या वरवरच बसते, मुळ्या फक्त वरच्या सालीत घालते, त्यामुळं पाण्यात विरघळणारं गंधक (८० टक्केवालं) बरोबर लागू पडतं. लिटरला २ ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजू आणि बोरं भिजतील असं, संध्याकाळी मारा. भर उन्हात नको, पारा ३२-३५ च्या वर असला की पानं करपतात, आणि निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

ताकाचं म्हणाल तर सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत. ताकाचं नाही, पण दुधाचं सांगतो, १९९९ मध्ये ब्राझीलात झुकिनीच्या (भोपळ्याच्या कुळातली भाजी) भुरीवर पाण्यात १० टक्के दूध घालून दर आठवड्याला फवारलं, चांगला गुण आला, पण ती पॉलिहाऊसमधली छोटी रोपं, एवढ्या मोठ्या झाडाला दर आठवड्याला दूध कोण घालणार? कुंडीतल्या रोपाला करून बघा.

युरिया सध्या बंद, त्यानं कोवळी पालवी फुटते आणि भुरीला तीच आवडते. गळालेली बोरं गोळा करून लांब टाका, एप्रिलमध्ये छाटणी दाबून करा म्हणजे आत वारा खेळेल. झाडावर राहिलेली बोरं खायला हरकत नाही, फक्त गंधकाच्या पाकिटावर तोडणीआधीचे जेवढे दिवस लिहिलेत तेवढे थांबा आणि धुऊन खा.