कार्यालयातील खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय

प्रश्न : कार्यालयात २०० लिटरचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवायचे आहे, सुटीत कोणी नसते. कोणते मासे व प्रवाळ निवडावेत?

उत्तर : पैदास केंद्रात वाढलेली क्लाउनफिशची जोडी आणि एखादा गोबी (तळाशी राहणारा छोटा मासा) पुरे, सर्जनफिश कितीही मोहक वाटला तरी त्याला पोहायला फार मोठी जागा लागते. प्रवाळांत मशरूम व लेदर हे मऊ प्रकार मध्यम प्रकाशातही तग धरतात. निरोगी माशांना दोन दिवसांचा उपास सोसतो. खरी काळजी बाष्पीभवनाची, कारण पाणी उडाले तरी मीठ मागे राहून खारेपणा वाढतो, म्हणून काचेवर पातळीची खूण करून पाण्यात झालेली घट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरावी. लेदर प्रवाळ अधूनमधून काही दिवस मिटून राहते आणि अंगावरचा मेणचट पापुद्रा टाकते. ते मेले असे समजून कृपया काढून टाकू नका.